दुसऱ्या वाचनासाठी वर्ग

नोकरी-संसार सांभाळून साहित्याच्या वर्गात नाव नोंदवणारा माणूस सहसा मुळातच वाचणारा असतो. कपाटात पुस्तकं असतात, आवडीनिवडी ठरलेल्या असतात. त्याला कमी पडतं ते एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा उघडण्याचं निमित्त. एकट्यानं वाचताना कादंबरी संपली की ती कपाटात जाते आणि पुढची हातात येते. वर्गात मात्र आपण सहज ओलांडून आलेल्या पानावर कुणीतरी बोट ठेवतं आणि 'इथे नेमकं काय लिहिलंय?' असं विचारतं. मग परत जावंच लागतं. कोर्स निवडताना, आवृत्ती घेताना, टिपणं काढताना, निबंध लिहिताना हीच कसोटी लावावी: यामुळे मी मजकुराकडे परत जाणार आहे का?

ही रीत बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०३ साली स्थापन झालेल्या वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनने १९०८ मध्ये रॉचडेल आणि लाँगटन इथे कामगारांसाठी वर्ग सुरू केले. शिकवायला इतिहासकार आर. एच. टॉनी होते आणि विषय आर्थिक इतिहासाचा होता. दोन तासांपैकी एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, दर पंधरवड्याला एक निबंध आणि तीन वर्षं वर्ग न सोडण्याची कबुली, अशी ती रचना. पुढे साहित्याचे बहिःशाल, म्हणजे विद्यापीठांनी बाहेरच्या प्रौढांसाठी चालवलेले, वर्गही याच वळणाने गेले. समीक्षक रेमंड विल्यम्स १९४६ ते १९६१ या काळात अशाच प्रौढांच्या वर्गांना शिकवत होते. आजच्या पुष्कळ कोर्सेसमधून नेमका चर्चेचा तास आणि निबंध गळून पडला आहे आणि व्याख्यान तेवढं उरलं आहे. चांगलं व्याख्यान ऐकायला सुखाचं असतं, पण त्यात सगळं काम व्याख्याता करतो. साहित्यात दुसऱ्यानं केलेलं वाचन आपल्या खात्यावर जमा होत नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी

आधी वाचनयादी मागवा आणि पानांचा हिशेब करा. दिवसभराच्या कामानंतर, पेन्सिल हातात धरून, गद्य वाचण्याचा वेग तासाला २० ते २५ पानं धरावा. त्याहून जास्त धरलात तर तिसऱ्या आठवड्यात मागे पडाल. ८०० पानांच्या कादंबरीला या वेगाने ३२ ते ४० तास लागतात. कोर्स आठ आठवड्यांचा असेल तर आठवड्याला चार-पाच तास वाचन, वर्गाचे दोन तास, आणि निवडक पानं पुन्हा वाचायला एक तास. हे सात-आठ तास तुमच्या आठवड्यात कुठे बसतात, ते वार आणि वेळ घालून कागदावर लिहून बघा. 'सवडीनं वाचू' म्हणणाऱ्याला सवड मिळत नाही. रोज ४० मिनिटं हे रविवारच्या पाच तासांपेक्षा केव्हाही बरं, कारण लांब कादंबरीत सहा दिवसांचा खंड पडला की निवेदकाचा सूरच कानातून निघून जातो.

'दहा आठवडे, दहा अभिजात कादंबऱ्या' अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. तिथे पुस्तकांबद्दल बोललं जाईल, पुस्तकं वाचली जाणार नाहीत. दहा आठवड्यांत एक मोठी कादंबरी, किंवा दोन मध्यम आणि एक नाटक, किंवा एकाच कवीच्या वीस-पंचवीस कविता, एवढंच प्रामाणिकपणे होऊ शकतं.

मग वर्गातल्या माणसांची संख्या. आठाहून कमी असतील तर दोन गैरहजर राहिले की चर्चा लंगडते. सोळाहून जास्त असतील तर तासाभराच्या चर्चेत एकेकाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत. दहा ते चौदा ही सगळ्यांत चांगली संख्या.

आयोजकांना तीन गोष्टी थेट विचाराव्यात. वर्गात पुस्तक उघडं असतं की नुसत्या स्लाइड्स दाखवतात? लेखी काम असतं का, असल्यास त्यावर शेरे कोण देतं आणि किती दिवसांत? सर्वांनी कोणती आवृत्ती घ्यायची? तिसऱ्या प्रश्नाला 'कुठलीही चालेल' असं उत्तर आलं, तर त्या वर्गात पानावर बोट ठेवून बोलण्याची सवय नाही असं खुशाल समजावं. बारा जणांकडे सात आवृत्त्या असल्या की प्रत्येक उतारा शोधण्यात दोन-तीन मिनिटं जातात. अशा आठ उताऱ्यांत वीस मिनिटं संपतात.

प्रमाणपत्र हवं की नको हा प्रश्न लोक फार महत्त्वाचा मानतात. पदवीच्या गुणांसाठी ते लागणार असेल तर गोष्ट वेगळी. एरवी परीक्षा नसलेल्या वर्गात यादी बदलण्याची, एखाद्या पानावर अख्खा तास थांबण्याची मोकळीक असते आणि मोठ्या वयाच्या वाचकाला ती जास्त उपयोगी पडते.

कुठलं पुस्तक हातात घ्यायचं

अभिजात परकीय साहित्य मराठीत वाचणाऱ्यांची सगळ्यांत मोठी फसगत आवृत्तीपाशी होते. आपल्याकडे अनुवाद, संक्षिप्त अनुवाद, भावानुवाद आणि रूपांतर हे चारही प्रकार सारख्याच मुखपृष्ठाआड विकले जातात. विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहा: अनुवादकाचं नाव आहे का, मूळ भाषेतून केलंय की इंग्रजीवरून, आणि प्रकरणांची संख्या मुळाशी जुळते का. टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'चे आठ भाग आणि २३९ प्रकरणं आहेत. हातातल्या पुस्तकात साठ प्रकरणं असतील तर कुणीतरी तुमच्या वतीनं वगळून ठेवलं आहे. वगळताना आधी जातात ती शेतीची, निवडणुकीची, शिकारीची पानं. म्हणजे लेविन या शेती करणाऱ्या जमीनदाराचा, अ‍ॅनाच्या कथेला समांतर चालणाऱ्या दुसऱ्या नायकाचा, जवळजवळ अर्धा भाग. मग वर्गात कुणी विचारलं की अ‍ॅना आणि लेविन एकाच कादंबरीत कशासाठी आहेत, तर तुमच्यापाशी उत्तराला सामग्रीच नसते.

दोन अनुवाद उपलब्ध असतील तर पहिला परिच्छेद आणि एखादा संवाद दोन्हीकडे वाचून मग ठरवा. परिच्छेदातून वाक्याची चाल कळते, संवादातून माणसं बोलतात की पुस्तकी भाषा वापरतात ते कळतं. अनुवादाकडे जाणीवपूर्वक बघायची सवय लावायची असेल तर मराठी वाचकाला एक छान सोय आहे. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (२०१८) ही कादंबरी मूळ हिंदीतून आपल्याला वाचता येते. तिच्या डेझी रॉकवेलकृत इंग्रजी अनुवादाला २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. दोन्हींची पाच-पाच पानं शेजारी ठेवून वाचली, तर अनुवादक कुठे निर्णय घेतो आणि त्याची काय किंमत मोजतो हे कुठल्याही सैद्धांतिक लेखापेक्षा स्वच्छ दिसतं.

प्रस्तावना शेवटी वाचावी. अभ्यासकी आवृत्त्यांच्या प्रस्तावना कथानक फोडतात हे एक. त्याहून नुकसान असं की त्या निष्कर्ष हातात देतात आणि मग पहिलं वाचन त्या निष्कर्षांची उदाहरणं गोळा करण्यात जातं. तळटिपा मात्र पहिल्या वाचनातही पाहाव्यात, त्या अडलेलं सोडवतात.

पहिलं वाचन, दुसरं वाचन

पहिल्या वाचनात तीनच खुणा पुरतात. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, आधी कुठेतरी येऊन गेलंय असं वाटलं तिथे फुली, आणि वाचताना थांबायला झालं तिथे उभी रेघ. अधोरेखन टाळा. रंगीत पेनानं भरलेल्या पानावर दुसऱ्यांदा काहीच उठून दिसत नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पात्रांची यादी करत जा. रशियन कादंबरीत हे काम टाळलं तर फार त्रास होतो, कारण एकाच माणसाला नाव, पितृनाव, आडनाव आणि लाडकं नाव अशा चार प्रकारे हाक मारलेली असते. 'ॲना कॅरेनिना'त तर अ‍ॅनाचा नवरा अलेक्सेय अलेक्सांद्रोविच कॅरेनिन आणि प्रियकर अलेक्सेय किरिलोविच व्रॉन्स्की, दोघांचं नाव एकच. सुरुवातीलाच हे टिपून ठेवलं नाही तर दुसऱ्या भागापर्यंत कोण कुणाला काय म्हणतंय तेच कळत नाही. आणि एकदा टिपलं की टॉलस्टॉयनं दोघांना एकच नाव का दिलं असेल, हा चांगला प्रश्न तुमच्या वहीत आपोआप येऊन बसतो.

या कादंबरीची प्रकरणं बहुतेक तीन-चार पानांची आहेत. ती १८७५ ते १८७७ या काळात मासिकातून क्रमशः येत होती. शेवटचा भाग छापायला संपादकांनी नकार दिल्यावर टॉलस्टॉयनं तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. आठवड्याला एक भाग अशी आठ आठवड्यांची वाटणी म्हणूनच तिच्या अंगाला बसते. प्रौढांच्या वर्गासाठी मोठी कादंबरी निवडताना अशी लहान प्रकरणांची, हप्त्यांनी छापली गेलेली कादंबरी निवडावी, थांबायच्या जागा लेखकानंच करून ठेवलेल्या असतात.

दुसरं वाचन संपूर्ण पुस्तकाचं नसतं. दोन-तीन पानांचा एकच उतारा घ्यायचा आणि त्यावर तासभर घालवायचा. उदाहरणार्थ दुसऱ्या भागातली घोड्यांची शर्यत. पंचविसाव्या प्रकरणात ती व्रॉन्स्कीच्या खोगिरावरून दिसते. तिथे वेळ ताणला जातो, एकेक अडथळा स्वतंत्र येतो, घोडी, माती, लगाम एवढंच जग उरतं. अठ्ठावीस-एकोणतीसमध्ये तीच शर्यत प्रेक्षकांच्या सज्जातून येते. पण तिथे घोडे जवळजवळ नाहीतच. कॅरेनिन शर्यत बघतच नाही, तो बायकोचा चेहरा बघतोय आणि त्या चेहऱ्यावरून आपल्याला शर्यत कळते. पहिल्या वाचनात आपण 'शर्यतीत व्रॉन्स्की पडला आणि अ‍ॅनाचं बिंग फुटलं' एवढं घेऊन पुढे जातो. दुसऱ्या वाचनात लक्षात येतं की एकच घटना दोनदा सांगायची तर लेखकाला वेळ मागे न्यावा लागला आहे, आणि ते त्यानं का केलं हा खरा प्रश्न आहे.

उताऱ्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोण बघतंय? कोण बोलतंय? किती वेळ जातोय आणि किती पानं जातायत? कुठला शब्द पुन्हा येतोय? सांगता आलं असतं असं काय सांगितलेलं नाही? यातला शेवटचा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत फळणारा. वहीच्या डाव्या पानावर पृष्ठक्रमांकासह मूळ शब्द उतरवा, उजव्या पानावर आपला प्रश्न. मत डाव्या पानावर कधीही लिहू नये. महिन्यानंतर लेखकाचं काय आणि आपलं काय, हे ओळखू येत नाही.

चर्चा करण्याजोगा प्रश्न

१९४७ साली शिकागोत स्थापन झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनच्या चर्चापद्धतीत प्रश्नांचे तीन प्रकार धरतात: तथ्याचे, अर्थाचे आणि मूल्याचे. तथ्याच्या प्रश्नाला पुस्तकातच एक उत्तर असतं. मूल्याचा प्रश्न पुस्तकाबाहेर जातो. मधला, अर्थाचा प्रश्न असा की त्याला एकाहून अधिक उत्तरं संभवतात आणि प्रत्येकाला मजकुरातून आधार दाखवावा लागतो. वर्गाचा बहुतेक वेळ या मधल्या प्रकारावर जायला हवा.

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त राजा क्रेऑन एका प्रेताला मूठमाती द्यायला बंदी करतो आणि मृताची बहीण अँटिगनी ती मोडते. या नाटकावर बहुतेक चर्चा 'अँटिगनी बरोबर की क्रेऑन?' या प्रश्नावर सुरू होते आणि तिथेच संपते. दोन तट पडतात आणि कुणी पुस्तक उघडत नाही. त्याऐवजी हा प्रश्न घ्या: भावाच्या प्रेताला माती दोनदा का दिली जाते? पहिल्यांदा पहारेकरी येऊन सांगतो की रात्री कुणीतरी प्रेतावर कोरडी धूळ टाकून विधी करून गेलं. कुदळीची खूण नाही, गाडीच्या चाकांची नाही. कोरसचा, म्हणजे नाटकातल्या गायकवृंदाचा, प्रमुख चाचरत म्हणतो की हे देवांचं काम तर नसेल? पहारेकरी प्रेत पुन्हा उघडं करतात, आणि दुसऱ्या वेळी अँटिगनी भर दुपारी पकडली जाते. धूळ टाकण्याचा धर्म एकदा पाळला गेला होता, मग ती परत का आली? काही अभ्यासक म्हणतात पहिलं काम देवांचं, काही अँटिगनीची बहीण इस्मीनी हिच्याकडे बोट दाखवतात, काही म्हणतात हा नाटककाराचा रंगमंचीय हिशेब आहे, कारण दोन्हींच्या मध्ये माणसाच्या कर्तृत्वाचं ते प्रसिद्ध कोरसगीत येतं. प्रत्येक उत्तरासाठी पहारेकऱ्याची दोन्ही भाषणं ओळीओळीनं वाचावी लागतात. एवढ्या एका प्रश्नावर दोन तास सहज जातात आणि शेवटी 'बरोबर कोण' या प्रश्नाचं उत्तरही बदललेलं असतं.

याच नाटकात आणखी एक जागा आहे. मरायला जाताना अँटिगनी म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळाला असता, मूल दुसरं झालं असतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा होणार नाही. जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खुपल्या की त्या मूळच्या नाहीत हे एखाद्या पंडितानं सिद्ध करावं अशी इच्छा त्यानं १८२७ मध्ये बोलून दाखवली. पण ॲरिस्टॉटलनं त्यातल्या ओळी उद्धृत केलेल्या आहेत, म्हणजे त्याच्या काळीही त्या नाटकात होत्या. वर्गात हा उतारा अवश्य घ्यावा. आपल्याला हवी तशी नायिका लेखकानं दिली नाही की आपण मजकूरच नाकारू पाहतो, ही खोड केवढ्या मोठ्या वाचकालाही सुटत नाही ते इथे दिसतं. (साडेतेराशेच्या आसपास ओळींचं हे नाटक मोठ्यानं वाचायला साधारण दीड तास पुरतो. पहिल्याच सत्रात भूमिका वाटून अख्खं वाचून टाकावं.)

आयुष्याचा अनुभव कुठे मदत करतो, कुठे आड येतो

केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता देत, आठवड्यानं त्यांची लेखी मतं गोळा करत. अशा तेरा कवितांवरच्या प्रतिक्रिया त्यांनी १९२९ च्या पुस्तकात तपासल्या. त्यांना आढळलेल्या अडचणींतल्या तीन प्रौढांच्या वर्गात दर आठवड्याला भेटतात. कवितेतल्या एका शब्दानं स्वतःची आठवण जागी होणं आणि मग कवितेऐवजी आठवणच वाचणं. आई, मरण, गाव असा विषय दिसताच ठरलेली भावना उमटणं. आणि आपल्या श्रद्धेशी वा विचारसरणीशी मजकूर जुळतो की नाही यावरच त्याची प्रत ठरवणं.

विशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा पन्नाशीतल्या वाचकाकडे जास्त आठवणी आहेत, म्हणून हा धोकाही जास्त. पण अनुभव बाजूला ठेवा असं सांगणं चूक आहे. ज्यानं आजारी माणसाची शुश्रूषा केली आहे त्याला टॉलस्टॉयच्या मरणाच्या प्रकरणात जे दिसतं ते तरुणाला दिसणार नाही. ('ॲना कॅरेनिना'च्या २३९ प्रकरणांत शीर्षक असलेलं प्रकरण एकच, पाचव्या भागातलं विसावं: 'मृत्यू'.) इथे एक शिस्त उपयोगी पडते. बोलताना आधी ओळ वाचायची, मग अनुभव सांगायचा, मग परत ओळीकडे येऊन 'म्हणून इथला हा शब्द मला असा कळतो' हे सांगायचं. परत येता आलं नाही तर तो अनुभव कितीही मोलाचा असला तरी चर्चेच्या तासात नको, चहाच्या वेळी सांगावा. शिक्षकानं पहिल्याच सत्रात हे सर्वांना सांगून टाकावं. तिसऱ्या आठवड्यात एखाद्याला मध्येच थांबवून सांगितलं की त्याला अपमान वाटतो.

एकच माणूस सारखं बोलतो यावरचा उपाय म्हणजे दर प्रश्नाआधी दोन मिनिटं सगळ्यांनी उत्तर लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं. बुजणाऱ्या माणसाला हातात कागद असला की बोलता येतं, आणि फार बोलणाऱ्यालाही आपलं म्हणणं चार ओळींत बसवावं लागतं.

जुनं मराठी

ज्ञानेश्वरीच्या वाटेला जाताना लोक सरळ अर्थाची बाजू वाचतात आणि ओवी डोळ्यांखालून घालतात. क्रम उलटा हवा. ओवी मोठ्यानं दोनदा वाचायची, मग अन्वय लावायचा, म्हणजे क्रियापद शोधायचं, कर्ता शोधायचा, मग अडलेले शब्द, आणि सगळ्यात शेवटी छापील अर्थ. एका सत्रात १५ ते २० ओव्या पुरे. आरंभासाठी बारावा अध्याय सोयीचा, तो अडीचशेच्या आत-बाहेर ओव्यांचा आहे आणि त्यातला विचार सलग पुढे जातो. 'कां' म्हणजे बहुतेक ठिकाणी 'किंवा', 'येर' म्हणजे 'इतर', 'पैं' नुसता जोर देण्यासाठी, अशी पंधरा-वीस शब्दांची यादी पहिल्या दोन सत्रांत तयार होते आणि पुढचं वाचन दुपटीनं सोपं होतं. जास्त घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांनी. आजही वापरात असलेला 'उदास' हा शब्द तिथे अलिप्त या अर्थी येतो. अनोळखी शब्द आपण कोशात बघतो, ओळखीचा बघत नाही आणि चुकतो.

शके १२१२ च्या या ग्रंथाचा पाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केला, आणि पुढे वेगवेगळ्या संपादकांच्या प्रतींत पाठभेद राहिले. म्हणून वर्गात सगळ्यांकडे एकच प्रत हवी, आणि शिक्षकाकडे दुसरी. एखाद्या ओवीत दोन प्रतींत वेगळा शब्द दिसला की दहा मिनिटं तिथे द्यावीत. छापलेला मजकूर म्हणजे कुणीतरी केलेली निवड असते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठलंच पुस्तक आधीसारखं वाचलं जात नाही.

आजचं साहित्य

समकालीन पुस्तकावर चर्चा सोपी वाटते आणि म्हणूनच लवकर भरकटते. पुस्तकात स्थलांतर असेल तर स्थलांतरावर बोलणं सुरू होतं, लग्न असेल तर लग्नावर. वर्तमानपत्र वाचूनही जे बोलता आलं असतं तेच बोललं जातं. यावर उपाय म्हणजे नव्या पुस्तकाला जुन्या पुस्तकाशेजारी ठेवणं, आणि जोडी विषयावरून नाही तर रचनेवरून लावणं.

कमिला शम्सी यांची 'होम फायर' (२०१७) ही इंग्रजी कादंबरी 'अँटिगनी'च्या कथेवर उभी आहे. जुळणारी पात्रं ओळखण्यात अर्धा तास मजेत जातो, पण ते काम घरी करून यावं. वर्गात बघायचं ते असं: नाटकात मेलेला भाऊ केवळ प्रेत आहे, त्याला एकही वाक्य नाही. कादंबरीचे पाच भाग पाच पात्रांच्या नजरेतून येतात आणि त्यातला एक त्या भावाचा आहे. त्याला आवाज मिळाल्यावर बहिणीच्या हट्टाचा अर्थ बदलतो का? आणि अधिकारपदावरच्या माणसाची बाजू शेवटी ठेवल्यानं काय होतं?

मराठीत अशीच एक जोडी म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६ दरम्यान चार भागांत प्रसिद्ध) आणि दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). दोन्ही आत्मकथनं, पण 'मी' सांगण्याची तऱ्हा पार वेगळी. लक्ष्मीबाईंचा 'मी' सलग आहे, समोर बसून बोलल्यासारखा. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत. दोन्हींतला एकेक बालपणाचा प्रसंग घेऊन, कोण कुणाला सांगतंय एवढ्यावरच तासभर बोलावं. समाजाबद्दल जे म्हणायचं असतं ते त्यातून अधिक नेमकेपणानं येतं, कारण माणूस स्वतःला दोन का करून घेतो याचं उत्तर समाजातच असतं.

जोडीतलं जुनं पुस्तक आधी वाचावं. नवं आधी वाचलं तर जुनं केवळ त्याचा कच्चा खर्डा वाटू लागतं. समकालीन लेखकाच्या मुलाखती आणि परीक्षणं दुसऱ्या वाचनानंतर. लेखकाला काय म्हणायचं होतं हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर पुस्तकात काय आलंय ते बघण्याची गरजच उरत नाही असं वाटायला लागतं.

लिहिणं

आठवड्याला ३०० ते ५०० शब्द लिहिल्याशिवाय अभ्यास पक्का होत नाही. मोठ्या वयात लेखनाची सर्वांत जास्त भीती वाटते आणि सर्वांत जास्त फायदाही त्याचाच होतो. उतारा एकच घ्या, पाच-सहा वाक्यांहून लांब नको. पहिल्या परिच्छेदात तो कुठे येतो हे दोन वाक्यांत, आणि त्याबद्दल तुमचं म्हणणं एका वाक्यात. हे वाक्य असं हवं की वर्गातला शहाणा माणूस त्याच्याशी असहमत होऊ शकेल. 'टॉलस्टॉय महान चित्रण करतो' याला कोण नाही म्हणेल? पुढे शब्द, वाक्यरचना, दृष्टिकोन यांतून पुरावा. मग तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी त्याच पुस्तकातली एक जागा, आणि ती असूनही तुम्ही का ठाम आहात ते.

कथानक सांगण्यात अर्धा निबंध जातो ही नेहमीची गडबड आहे. वाचणाऱ्यानं पुस्तक कालच वाचलंय असं धरून लिहा. दुसरी गडबड विशेषणांची. 'हृदयस्पर्शी', 'वास्तवदर्शी', 'प्रभावी' हे शब्द काढून टाका आणि वाक्य उभं राहतं का बघा. शिक्षकाचे शेरे नुसते 'छान', 'अजून खोलात जा' असे येत असतील तर नम्रपणे विचारा: कुठल्या ओळीपाशी मी कमी पडलो? शेरे आल्यावर त्याच निबंधाचा एक परिच्छेद पुन्हा लिहा. नवीन तीन निबंध लिहिण्यापेक्षा यातून जास्त शिकायला मिळतं.

बारीकसारीक पण कामाचं

ई-बुकवर पृष्ठक्रमांक जुळत नाहीत, म्हणून प्रकरण आणि परिच्छेदाचा क्रमांक टिपायची सवय लावा. डोळ्यांना त्रास होत असेल तर अक्षर मोठं करा, लाजू नका. ध्वनिपुस्तक पहिल्या वाचनाला नको, कारण मागे जाऊन बघणं त्यात जिकिरीचं होतं. दुसऱ्या वाचनाला मात्र फार चांगलं, विशेषतः संवादांसाठी. ऑनलाइन वर्ग ९० मिनिटांहून लांब नसावा आणि चर्चेचा उतारा सर्वांच्या पडद्यावर असावा. कमी ऐकू येणाऱ्यांनी प्रत्यक्ष वर्गात भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा जागी बसावं.

वाचन पूर्ण झालं नाही म्हणून वर्ग बुडवू नका. एकदा बुडवला की दुसऱ्यांदा बुडवणं सोपं जातं. कोर्स सोडणारे बहुतेक असेच सुटतात. त्याऐवजी त्या आठवड्याचा नेमलेला उतारा तेवढा दोनदा वाचून जा आणि फक्त त्यावरच बोला. इंटरनेटवरचा सारांश वाचून जाऊ नका. त्यानं तुम्ही चर्चेत सामील झाल्यासारखे दिसाल, पण सारांशात नसलेली गोष्ट निघाली की गप्प बसावं लागेल, आणि चांगल्या वर्गात तेवढीच गोष्ट निघते.

कोर्स संपल्यावर चार-पाच जण पुढे चालू ठेवू इच्छित असतील तर शिक्षकाशिवायही जमतं. दर वेळी एकानं प्रश्नकर्ता व्हायचं. दोन दिवस आधी दोन अर्थाचे प्रश्न आणि त्यांच्याशी संबंधित पानांचे क्रमांक सर्वांना पाठवायचे. बैठकीत आधी ती पानं मोठ्यानं वाचायची, मग बोलायचं. प्रश्नकर्त्यानं स्वतःचं उत्तर शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत राखून ठेवायचं. पहिलं पुस्तक नवं घेऊ नका. कोर्समधलंच घ्या, ज्यावर सर्वांत जास्त मतभेद झाले होते ते.